विजेच्या गाडीच्या कॅन बसला कान लावताना

विजेच्या गाडीचा डॅशबोर्ड मालकाची थोडक्यात बोळवण करतो. बॅटरी ६१ टक्के, पल्ला १३८ किलोमीटर, आणि कात्रजचा घाट चढून जुन्या बोगद्यापाशी पोहोचेपर्यंत तोच पल्ला शंभराच्या आसपास. बॅटरी प्रत्यक्षात किती व्होल्टवर आहे, त्या चढावर किती अँपिअर खर्ची पडले, उतारावर किती परत आले, मे महिन्यातल्या दुपारी बॅटरी पॅकचे तापमान किती होते, हे सारे आकडे गाडीच्या आतल्या ‘कॅन बस’ नावाच्या दोन बारीक तारांवरून सेकंदाला अनेक वेळा जात असतात. फक्त ते आपल्यासाठी लिहिलेले नसतात. ते कसे ऐकावेत, कसे ओळखावेत आणि त्या नादात गाडी बंद पडू नये म्हणून काय टाळावे, हे कर्वेनगरमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दीड वर्ष केलेल्या खटपटीच्या आधारे येथे लिहीत आहे. गाडीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पद्धत जवळजवळ कोणत्याही गाडीला लागू पडते आणि माझ्या गाडीतले क्रमांक मात्र तुमच्या गाडीला लागू पडणार नाहीत. वाचकाला मल्टिमीटर धरता येतो आणि लिनक्स किंवा आर्डुइनो यांपैकी एकाशी थोडीफार ओळख आहे, असे मी गृहीत धरले आहे.

हात कोठे लावायचा नाही

नारिंगी रंगाच्या तारांना कधीही हात लावू नये. त्यांतून मुख्य पॅकची वीज जाते, ती चारचाकीत सहसा ३०० व्होल्टच्या वर आणि डीसी असते, आणि तिच्यापाशी चूक करण्याची संधी एकदाच मिळते. या लेखातले सगळे काम १२ व्होल्टच्या बाजूला, स्टिअरिंगखालच्या डायग्नॉस्टिक सॉकेटवर, म्हणजे मेकॅनिक बिघाड तपासायला यंत्र जोडतो त्या सॉकेटवर, होते. त्यासाठी बोनेट उघडण्याचीही गरज नाही.

दुसरी मर्यादा अशी की सुरुवातीचे काही महिने केवळ ऐकावे, बसवर काहीही पाठवू नये. ‘काहीतरी पाठवून पाहू, काय होते ते कळेल’ ही वृत्ती घरच्या सर्किटवर चालते, गाडीवर चालत नाही. बॅटरीच्या नियंत्रकाचा गैरसमज झाला तर तो मुख्य कॉन्टॅक्टर, म्हणजे पॅकला गाडीशी जोडणारा मोठा स्विच, उघडून मोकळा होतो. गाडी भंगारात काढताना एअरबॅग उडवून टाकण्याची जी सोय असते, तीदेखील याच तारांवरून जाणाऱ्या डायग्नॉस्टिक निरोपांनी वापरली जाते, एवढे लक्षात ठेवले तरी अंदाधुंद निरोप सोडण्याची हौस फिटावी. चालत्या गाडीत लॉग, म्हणजे बसवरच्या निरोपांची नोंद, घ्यायचा असेल तर गाडी दुसऱ्याने चालवावी. आणि गाडी दुसऱ्याची असेल तर मालकाची स्पष्ट परवानगी घ्यावी. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधले कलम ४३ परवानगीशिवाय केलेल्या प्रवेशाबद्दलच आहे.

तारांवर चालते काय

कॅन बस ही बॉश कंपनीची निर्मिती. काम १९८३ मध्ये सुरू झाले आणि १९८६ मध्ये ती डेट्रॉइटच्या अभियंता परिषदेत मांडली गेली. त्यापूर्वी प्रत्येक स्विच आणि प्रत्येक दिवा यांच्यासाठी वेगळी तार टाकावी लागे; कॅनमध्ये एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारांवर गाडीतले सगळे नियंत्रक, म्हणजे ईसीयू, टांगलेले असतात. कोणी बोलत नसताना दोन्ही तारा सुमारे २.५ व्होल्टवर असतात; बोलताना एक, म्हणजे कॅन-हाय, सुमारे ३.५ व्होल्टवर चढते आणि दुसरी, कॅन-लो, १.५ व्होल्टवर उतरते. फरक मोजला जातो, त्यामुळे बाहेरचा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच बसून आपोआप वजा होतो.

सोसायटीच्या वार्षिक सभेत जसे सगळे एकाच वेळी बोलू लागतात तसे कॅनवरही होते, पण येथे नियम पक्का आहे: प्रत्येक निरोपाला एक आयडी असतो आणि दोघांनी एकदम तोंड उघडले तर ज्याचा आयडी लहान तो बोलत राहतो, दुसरा गप्प बसून नंतर प्रयत्न करतो. म्हणून ब्रेक आणि मोटर यांचे आयडी सहसा लहान असतात आणि खिडक्यांचे वगैरे मोठे. निरोप कोणाला उद्देशून नसतो. तो सगळ्यांना ऐकू जातो, ज्याला हवा तो घेतो. अशा एका निरोपाला फ्रेम म्हणतात; एका फ्रेममध्ये आयडी आणि जास्तीत जास्त ८ बाइट मजकूर असतो. त्या ८ बाइटमध्ये कोणता आकडा कोठे ठेवला आहे हे फक्त गाडी बनवणाऱ्याला ठाऊक असते, आणि आपला सगळा शोध तेवढ्यापुरता आहे.

पुण्यात हे लिहिताना एक गंमत वाटते. चाकण, पिंपरी, रांजणगाव आणि वेताळ टेकडीवरची एआरएआय ही वाहनांच्या चाचण्या घेणारी संस्था असा पसारा असल्यामुळे दर दोन इमारतींमागे एकजण तरी दिवसभर हेच काम करत असतो. आमच्याच मजल्यावरचे एक गृहस्थ त्यांपैकी आहेत. गोपनीयतेच्या करारामुळे ते अवाक्षर बोलत नाहीत. माझे अनुमान चुकले की फक्त हसतात. बरोबर आल्यावरही हसतात, त्यामुळे उपयोग नाही.

साहित्य

बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या तपकीर गल्लीत बहुतेक सगळे मिळते. सर्वांत स्वस्त वाट म्हणजे एमसीपी२५१५ या कॅन नियंत्रक चिपचे मॉड्यूल. ते काही शे रुपयांत मिळते आणि आर्डुइनोला जोडता येते. त्यात तीन खोड्या आहेत, आणि मी तिन्हींत सापडलो. एक, त्यावरचा क्रिस्टल बहुधा ८ मेगाहर्ट्‌झचा असतो, तर अनेक प्रोग्राम तो १६ चा मानतात. मग तुम्ही बसचा वेग, म्हणजे बिटरेट, सेकंदाला ५०० किलोबिट सांगता आणि मॉड्यूल २५० वर चालते. क्रिस्टलच्या पत्र्यावर छापलेला आकडा भिंगातून वाचून घ्यावा. दोन, मॉड्यूल ५ व्होल्टचे असते. रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या, त्यामुळे थेट जोडल्यास रास्पबेरी पाय खराब होऊ शकतो. तीन, त्यावर १२० ओहमचा टर्मिनेशन रेझिस्टर जोडणारा जंपर असतो, आणि तो जंपर गाडीवर काढून टाकावाच लागतो, कारण बसच्या दोन्ही टोकांना असे रेझिस्टर आधीच असतात. ईएसपी३२ घेतल्यास कॅनचा नियंत्रक आतच असतो, बाहेरून फक्त ३.३ व्होल्टचा ट्रान्सीव्हर, म्हणजे नियंत्रकाला बसच्या तारांशी जोडणारी चिप, लागतो. पण ट्रान्सीव्हरच्या अनेक छोट्या बोर्डांवर तो रेझिस्टर जंपरविना डकवलेलाच येतो. त्यावर १२१ असे बारीक छापलेले असते, म्हणजे १२ आणि पुढे एक शून्य. तो डाग देऊन उचलून काढावा.

पैसे थोडे अधिक खर्च करता येत असतील तर कॅनेबलसारखा यूएसबी अडॅप्टर घ्यावा. लिनक्समध्ये तो नेटवर्क कार्डासारखा दिसतो, कारण लिनक्सच्या कर्नलमध्ये सॉकेटकॅन ही सोय २००८ पासून आहे. मूळ काम फोक्सवॅगनच्या संशोधन विभागातले. डायग्नॉस्टिक सॉकेटमध्ये खोचायचा, ब्लूटूथवर चालणारा स्वस्त ईएलएम३२७ डोंगल या कामाला पुरत नाही. ५०० किलोबिटच्या बसवर सेकंदाला हजार-दोन हजार फ्रेम सहज जातात. डोंगलचा सिरियल वेग ३८,४०० असेल तर सेकंदाला ३,८४० अक्षरे बाहेर पडतात, एका फ्रेमला वीसेक अक्षरे लागतात, म्हणजे जेमतेम १९० फ्रेम, उरलेल्या सांडतात. तो प्रश्न विचारायला चांगला आहे, कान लावायला नाही. त्याचा उपयोग पुढे येईल.

पहिली जोडणी

सॉकेटमध्ये १६ पिना असतात. रुंद बाजू वर ठेवून समोरून पाहिल्यास वरच्या ओळीत डावीकडून १ ते ८ आणि खालच्या ओळीत ९ ते १६. कॅन-हाय ६ वर, कॅन-लो १४ वर, ग्राउंड ४ आणि ५ वर, आणि १६ वर बॅटरीचे १२ व्होल्ट, तेही गाडी बंद असताना. मल्टिमीटरची टोके उघडी खुपसण्याऐवजी सॉकेटचा नर कनेक्टर विकत घेऊन त्याला फक्त ६, १४ आणि ५ च्या तारा जोडाव्यात. १६ ची तार जोडूच नये, म्हणजे ती कोठे टेकण्याचा प्रश्न येत नाही.

गाडी बंद करून, कुलूप लावून, पंधरा-वीस मिनिटे थांबावे, म्हणजे सगळे ईसीयू झोपतात. मग ६ आणि १४ यांच्यामध्ये ओहम मोजावेत. बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, ते समांतर असल्याने मीटरवर सुमारे ६० दिसले पाहिजेत. १२० दिसल्यास एकच टोक आपल्याला दिसत आहे. हजारांत आकडा आल्यास त्या पिनांवर साधी बस नाही. आपले मॉड्यूल जोडल्यावर तोच आकडा ४० झाला, तर जंपर राहिला आहे. मी पहिल्या दिवशी हे मोजले नाही, आणि तासभर प्रोग्रामला दोष देत बसलो.

आता गाडी चालू करून प्रत्येक तारेचा ग्राउंडपासून व्होल्टेज मोजावा. मीटर सरासरी दाखवतो, म्हणून ६ वर २.५ पेक्षा थोडे अधिक आणि १४ वर तितकेच कमी दिसते. दोन्हींची बेरीज ५ च्या जवळ आली की तारा बरोबर आहेत.

लिनक्सवर can0 या नावाने ओळखला जाणारा इंटरफेस, उच्चारी कॅन-शून्य, बिटरेट ५,००,००० देऊन आणि लिसन-ओन्ली पर्याय चालू ठेवून सुरू करावा. हा पर्याय विसरू नये. साधारण स्थितीत प्रत्येक नोड, म्हणजे बसला जोडलेले प्रत्येक उपकरण, फ्रेम नीट मिळाल्याची पोच देतो आणि चूक आढळल्यास ओरडून ती फ्रेम मोडतो. तुमचा बिटरेट चुकला असेल तर तुमच्या दृष्टीने प्रत्येक फ्रेम चुकीचीच असते, आणि तुम्ही गाडीची सगळी संभाषणे मोडत बसता. डॅशबोर्डवर दिवाळी दिसते. लिसन-ओन्लीमध्ये बिटरेट चुकला तर फक्त तुम्हाला काही ऐकू येत नाही. ५०० वर शांतता असल्यास २५० आणि १२५ पाहावे. लॅपटॉप चार्जरवर न ठेवता त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर चालवावा, विशेषतः गाडी चार्जिंगला असताना; दोन ठिकाणचे अर्थिंग यूएसबीच्या तारेतून एकमेकांना भेटणे बरे नव्हे.

एका वेळी एकच गोष्ट

बसवरची प्रत्येक फ्रेम छापणारा कॅनडंप हा लिनक्सचा प्रोग्राम चालू करताच पडद्यावरून आकड्यांचा धबधबा वाहू लागतो आणि नवशिक्याचे मन खचते. त्याकडे पाहत बसू नये. सगळे फाइलमध्ये उतरवावे आणि पडद्यावर कॅनस्निफर किंवा सॅव्हीकॅन या प्रोग्रामचे स्निफर दृश्य उघडावे, ज्यात प्रत्येक आयडीला एकच ओळ असते आणि बदललेला बाइट रंगाने उठून दिसतो. आधी मिनिटभर गाडीला हात न लावता लॉग घ्यावा. या मिनिटात जे बदलते ते आपल्या कृतीमुळे बदललेले नाही, म्हणून ते बाजूला काढता येते. अनेक फ्रेमच्या शेवटच्या बाइटमध्ये ० ते १५ मोजत राहणारा काउंटर आणि त्याच्या शेजारी चेकसम, म्हणजे फ्रेम बिघडली नाही ना हे तपासण्याचा आकडा, असतो. ते सतत नाचतात आणि त्यांत माहिती काहीच नसते; ते ओळखून झाकून टाकले की निम्मा गोंगाट संपतो.

मग एक कृती निवडावी आणि तीच दहा वेळा करावी. माझा भाचा वही घेऊन ड्रायव्हरच्या जागेवर बसे आणि मोठ्याने सांगे, “मामा, डावा इंडिकेटर चालू... आता बंद.” प्रत्येक नोंदीसमोर तो लॅपटॉपच्या घड्याळाची वेळ सेकंदासह लिहीत असे. दहा वेळा चालू-बंद केल्यावर दहा वेळाच बदललेला बिट शोधणे सोपे असते. एकदाच केल्यावर शंभर बिट त्या सुमारास बदललेले सापडतात आणि त्यांतला प्रत्येक आपलाच वाटतो. दरवाजा, ब्रेक, हेडलाइट, सीटबेल्ट या क्रमाने जावे. (पुण्याच्या रस्त्यावर इंडिकेटरचा बिट फारसा हलत नाही, त्यामुळे हा प्रयोग पार्किंगमध्येच उरकावा.) वहीऐवजी मोबाइलने डॅशबोर्डचा व्हिडिओ घेतला तरी चालतो, मात्र सुरुवातीला लॅपटॉपचे घड्याळ त्यात दाखवून घ्यावे, नाहीतर नंतर दोन्हींची वेळ जुळवताना जीव जातो.

व्होल्ट आणि अँपिअर

आता मुख्य भाग. बॅटरीचे आकडे शोधण्यासाठी गाडी चालवण्याची गरज नाही. पार्किंगमधला १५ अँपिअरचा सॉकेट आणि भिंतीला लावायचा वीजमीटर पुरतो. लॉग सुरू करावा, पाच मिनिटे गाडी नुसती चालू ठेवावी, एसी लावावा, बंद करावा, मग चार्जिंग सुरू करावे आणि दहा मिनिटांनी थांबवावे.

बाइट हेक्समध्ये दिसतात, म्हणजे एका अंकाची मजल ० ते १५ आणि दहापासून पुढे ए ते एफ ही अक्षरे. माझ्या लॉगमध्ये एका फ्रेमचे पहिले दोन बाइट चार्जिंगच्या काळात ०२ ९६ असे जवळजवळ स्थिर दिसत होते. पहिला बाइट मोठ्या घराचा धरल्यास २ गुणिले २५६ अधिक १५०, म्हणजे ६६२. उलटा धरल्यास, म्हणजे ९६ मोठ्या घराचा, ३८,४०२ येतात आणि शेवटचा अंक एकाने सरकला तर आकडा २५६ ने उडी मारतो. आलेख करवतीसारखा दिसतो. खरा भौतिक आकडा अशा उड्या मारत नाही, म्हणून बाइटचा क्रम ठरवण्याची हीच सर्वांत खात्रीची कसोटी आहे. ६६२ चे निम्मे ३३१. माझ्या पॅकमध्ये लिथियम आयर्न फॉस्फेटचे १०० सेल एकापुढे एक आहेत, म्हणजे दर सेलला ३.३१ व्होल्ट, आणि या प्रकारचा सेल मधल्या टप्प्यात ३.३ च्या आसपासच रेंगाळतो. तेव्हा हा पॅकचा व्होल्टेज आणि एक अंक म्हणजे अर्धा व्होल्ट, असे मानायला हरकत नव्हती. हा सेल इतका सपाट वागतो की केवळ व्होल्टेजवरून टक्केवारी काढता येत नाही. ती गाडी प्रवाह मोजून काढते, आणि म्हणून प्रवाह महत्त्वाचा.

त्याच फ्रेममधले पुढचे दोन बाइट गाडी नुसती चालू असताना ७डी ०८, एसी लावताच ७डी २६ आणि चार्जिंगमध्ये ७सी ए८ असे होते. दशमानात अनुक्रमे ३२,००८, ३२,०३८ आणि ३१,९१२. एसीने आकडा वाढतो आणि चार्जिंगने कमी होतो, म्हणजे खर्च अधिक आणि जमा उणे. ३२,००० हे शून्य मानले तर चार्जिंग ८८ अंकांचे. भिंतीवरचा मीटर ३.२ किलोवॉट दाखवत होता. चार्जरची गळती आणि गाडीचा किरकोळ खर्च जाऊन पॅकपर्यंत नव्वद टक्क्यांच्या आसपास पोहोचावे, म्हणजे २.८८ किलोवॉट. त्याला ३३१ ने भागले की ८.७ अँपिअर येतात. ८८ अंक आणि ८.७ अँपिअर, तेव्हा एक अंक म्हणजे ०.१ अँपिअर. उलट तपासणीही जुळते: नुसत्या चालू गाडीचा खर्च ०.८ अँपिअर, म्हणजे २६५ वॉट, आणि एसीने त्यात सुमारे एक किलोवॉट भर.

एवढ्यावर मी समाधानी होतो, आणि येथेच फसलो. एका रविवारी पहाटे भावाने गाडी कात्रजच्या जुन्या घाटाने वर नेली, मी मागच्या सीटवर लॅपटॉप मांडीवर घेऊन आलेख पाहत होतो. चढावर त्याने एक्सलरेटर दाबताच प्रवाह ७६.७ अँपिअरपर्यंत चढला आणि पुढच्याच क्षणी उणे ६,४७६ वर कोसळला. ७६.७ म्हणजे ३२,७६७, हेक्समध्ये ७एफ एफएफ. मी तो आकडा चिन्हासहित वाचत होतो, आणि चिन्हासहित वाचल्यास १६ बिटांत ३२,७६७ च्या पुढची पायरी उणे ३२,७६८ असते. गाडी मात्र चिन्ह न वापरता ३२,००० वजा करण्याची पद्धत वापरत होती. पार्किंगमधल्या लॉगमध्ये प्रवाह कधी त्या उंबरठ्यापर्यंत गेलाच नव्हता, त्यामुळे चूक लपून राहिली. तेव्हापासून मी कोणताही आकडा दोन्ही टोकांना ताणल्याशिवाय पक्का मानत नाही: जोराचा चढ, मग खेड शिवापूरच्या बाजूचा उतार. उतारावर प्रवाह उणे झाला पाहिजे, पण बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर गाडी रिजनरेशन, म्हणजे उतारावर वीज बॅटरीत परत भरणे, आवरते आणि काहीच दिसत नाही; म्हणून घाटात जाताना बॅटरी सत्तर-ऐंशी टक्क्यांवर असावी.

वेग सोपा असतो. माझ्या गाडीत १३ ८८ म्हणजे ५,०००, अर्थात ताशी ५०.०० किलोमीटर. त्याची तुलना डॅशबोर्डशी न करता जीपीएसशी करावी, कारण वेगमापकाने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू नये असा नियम असल्याने तो थोडे वाढवूनच दाखवतो. तापमानाचा बाइट बहुधा ४० ने वाढवून ठेवलेला असतो, म्हणजे शून्याखालचे आकडेही चिन्हाविना मावतात: ४८ हेक्स म्हणजे ७२, वजा ४०, म्हणजे ३२ अंश.

सॉकेटवर शांतता असेल तर

नव्या गाड्यांत तारा बरोबर असूनही काहीच ऐकू येत नाही, कारण सॉकेट आणि आतल्या बस यांच्यामध्ये गेटवे, म्हणजे निरोप अडवणारा-सोडणारा राखणदार ईसीयू, बसवलेला असतो. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक यांनी इंटरनेटवरून एका जीप चेरोकीचा ताबा घेऊन दाखवला आणि अमेरिकेत सुमारे १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यानंतर ही राखण अधिक कडक झाली, आणि ते योग्यच आहे. अशा गाडीत विचारल्याशिवाय उत्तर मिळत नाही. डॅशबोर्ड उघडून आतल्या बसच्या तारा सोलण्याचा सल्ला मी देणार नाही. वॉरंटीचा प्रश्न तर आहेच, शिवाय सोललेली तार पावसाळ्यात हिशोब चुकता करते.

विचारण्याची पद्धत ठरलेली आहे. टेस्टर, म्हणजे सॉकेटला जोडलेले विचारणारे यंत्र, एका आयडीवर प्रश्न पाठवतो, ईसीयू सहसा त्यात ८ मिळवून येणाऱ्या आयडीवरून उत्तर देतो. भारतात जुलै २०१९ मध्ये आलेल्या ह्युंदाई कोना इलेक्ट्रिकचे उदाहरण घ्या. बॅटरीच्या नियंत्रकाला ७ई४ वर ०३ २२ ०१ ०१ असे विचारतात: ३ बाइटचा प्रश्न, २२ म्हणजे ‘वाचून सांग’, आणि ०१०१ हा हव्या असलेल्या माहितीचा क्रमांक. ७ईसी वरून उत्तर येते १० ३ई ६२ ०१ ०१ अशा सुरुवातीने. १० म्हणजे मजकूर एका फ्रेममध्ये मावत नाही. ३ई म्हणजे एकूण ६२ बाइट. त्यापुढचे ६२ मात्र हेक्समधले, २२ मध्ये ४० मिळवून झालेले, ‘होय’ या अर्थाचे. दोन्ही ६२ शेजारी येणे हा योगायोग आहे आणि त्याने मला एक संध्याकाळ फिरवले. पहिल्या फ्रेममध्ये ६ बाइट येतात आणि ईसीयू थांबतो. आपण ३० ०० ०० पाठवून ‘पुढे बोला’ म्हटले की उरलेले ५६ बाइट सात-सातच्या आठ फ्रेममध्ये, २१ ते २८ अशा क्रमांकांनी येतात. ही ३० ची फ्रेम न पाठवल्याने ‘उत्तर अर्धवट येते’ अशी तक्रार नवशिके नेहमी करतात.

आपल्या गाडीचे प्रश्न माहीत नसतील तर तो ईएलएम३२७ डोंगल येथे कामी येतो. सॉकेटला वाय-केबल लावून एका फाट्यावर डोंगल आणि मोबाइलमधले तयार ॲप, दुसऱ्या फाट्यावर आपला लिसन-ओन्ली अडॅप्टर. ॲप काय विचारते आणि त्याला काय उत्तर मिळते ते दोन्ही ऐकू येते. उत्तर ०३ ७एफ २२ ३१ असे आले तर तो क्रमांक त्या ईसीयूला ठाऊक नाही. शेवटी ३३ असल्यास तेथे कुलूप आहे, आणि ते कुलूप तसेच राहू द्यावे. फक्त २२ वापरावा. ११ ने ईसीयू रीसेट होतो, १४ ने बिघाडांच्या नोंदी पुसल्या जातात, २ई ने लिहिले जाते, ३१ ने आतली यंत्रणा प्रत्यक्ष चालते. यांपैकी काहीही हौशी माणसाच्या कामाचे नाही.

अडॅप्टर काढून ठेवावा

एका शुक्रवारी संध्याकाळी दर दोन सेकंदांनी प्रश्न विचारणारा लॉगर मी सॉकेटमध्येच विसरलो. प्रश्न येत राहिल्याने गाडीतले ईसीयू झोपलेच नाहीत. नंतर मोजले तेव्हा सगळे मिळून सव्वा अँपिअर ओढत होते, आणि १२ व्होल्टची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, म्हणजे २८ तासांचा खेळ. रविवारी सकाळी रिमोटने दरवाजाही उघडेना. मुख्य पॅक ८० टक्के भरलेला होता, पण त्याला गाडीशी जोडणाऱ्या कॉन्टॅक्टरची कॉइल १२ व्होल्टवर चालते. ती ओढली गेली नाही तर पॅक भरलेला असूनही निरुपयोगी. किल्लीच्या आत लपवलेल्या पात्याने दार उघडले आणि शेजारच्या काकांच्या गाडीवरून जंपर केबल लावली. काकांनी मदत केली, पण विजेच्या गाडीला पेट्रोलच्या गाडीने ढकलले ही वार्ता दुपारपर्यंत तिन्ही विंगमध्ये पोहोचली होती. कायमचा लॉगर हवाच असेल तर १२ व्होल्ट बाजूचा व्होल्टेज १३ च्या खाली गेला की प्रश्न विचारणे थांबवणारी ओळ प्रोग्राममध्ये आधी लिहावी; गाडी चालू असताना मुख्य पॅकवरून १२ व्होल्टची बाजू भरणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर हा व्होल्टेज साधारण १३.५ च्या वर ठेवतो, म्हणून ही खूण पुरते. सर्व्हिसिंगला गाडी देण्यापूर्वीही सॉकेट रिकामा करावा.

नोंद आणि देवघेव

सापडलेले सगळे डीबीसी फाइलमध्ये लिहावे. ती साधी मजकुराची फाइल असते. प्रत्येक आकड्यासाठी आयडी, सुरुवातीचा बिट, लांबी, बाइटचा क्रम, चिन्ह, गुणक, वाढवण्याची संख्या आणि एकक एवढे द्यावे लागते. माझ्या प्रवाहाची नोंद १६ बिट, चिन्हाविना, गुणक ०.१, वाढ उणे ३,२००, एकक अँपिअर अशी आहे. शेजारी टिप्पणीत हे कशावरून ठरवले, कोणत्या तारखेच्या लॉगवरून, तेही लिहावे. गाडीचे सॉफ्टवेअर बदलल्यावर एखाद्या फ्रेमची मांडणी बदलू शकते, आणि जुना लॉग असेल तरच ते लक्षात येते.

हे लॉग इतरांना देण्यात आनंद आहे, पण त्यांत तुमची गाडीही ओळखू येते. गाडीची ओळख सांगणारा १७ अक्षरांचा व्हीआयएन क्रमांक अनेक गाड्यांत बसवरून फिरत असतो. माझ्या गाडीत तो तीन फ्रेममध्ये जातो: प्रत्येकीचा पहिला बाइट तुकड्याचा क्रमांक सांगतो आणि पुढे ७, ७ आणि ३ अक्षरे. भारतात बनलेल्या गाड्यांचा क्रमांक एम या अक्षराने सुरू होतो, माझा एमए ने, म्हणून लॉगमध्ये ४डी ४१ शोधले की तो लगेच सापडतो. लॉग देण्यापूर्वी त्या तिन्ही फ्रेममध्ये मी शून्ये भरतो, ओडोमीटरची फ्रेम वगळतो, आणि मग ४डी ४१ पुन्हा एकदा शोधून पाहतो, कारण डायग्नॉस्टिक उत्तरांतही तोच क्रमांक दुसऱ्या आयडीवरून आलेला मला दोनदा सापडला आहे.